साडेतीनच्या वर एक रेघ

मी ओयार्स. एकतीस वर्षं दुधाची गाडी चालवली,
चौदा सामूहिक शेतीची, सतरा कंपनीची.
गाडी तीच.
दारावरचा तारा पत्र्यानं खरवडला
आणि तिथं डेझीची फुलं चिकटवली, इतकंच.

रस्ताही तोच. गाउया नदीचं वळण, बर्चची रांग,
शेवटी विटांची खोली,
तिच्यात स्काइद्रिते.
आमच्या भाषेत या नावातच स्वच्छ असा शब्द आहे.
आम्ही पोरं त्यावरून तिला चिडवायचो.

आधी तेजाब, मग दूध, मग चमचाभर उग्र वासाचं स्पिरिट.
नळी तपकिरी व्हायची, हाताला चटका बसेल इतकी तापायची.
फडक्यात गुंडाळून ती हलवायची,
चक्रात गरगर फिरवायची,
आणि मग वर तरंगायचा
पिवळसर, बोटाच्या पेराएवढा खरेपणा.

अध्यक्ष म्हणाले, तीन-नऊ लिहा,
जिल्ह्याला कळवून झालंय.
ती म्हणाली, गाईंना कळवलंय का?
आणि लिहिलं तीन-सहा.

दोन हिवाळे वासरांच्या गोठ्यात शेण काढलं तिनं.
आमचा सगळ्यांचा बोनस गेला.
माझ्या बायकोनं तिच्याशी बोलणं टाकलं.
बायकोचं निमित्त झालं, मीही टाकलं.
तिच्या जागी आलेला माणूस स्पिरिट नळीत घालायच्या आधी
स्वतःच पिऊन टाकायचा,
म्हणून तिला परत बोलावलं. माफी कुणी मागितली नाही.

मग झेंडा बदलला, पैसे बदलले,
रीगाहून एक तरुण साहेब आला. अत्तराचा वास, गोड बोलणं.
म्हणाला, बाई, बाजार आहे हा. तीन-तीन लिहा.
सगळीकडे तसंच लिहितात.
तिनं नळी खिडकीच्या उजेडात धरली.
तीन-सहा.

या वेळी गोठा नव्हता. जाड कागदावरचं पत्र होतं,
त्यात पुनर्रचना हा शब्द, आणि खाली आभार.
शेतकऱ्यांनी तक्रार केली तेव्हा मला साक्षीला बोलावलं.
घराचा हप्ता होता माझा.
मी म्हणालो, मी फक्त ड्रायव्हर.

आता सांगायला हरकत नाही:
वळणावर गाडी थांबवून मी टाकीत पाणी घालायचो.
लाल झेंड्याखाली घातलं, डेझीखालीही घातलं.
एकदा वाटायचं, सगळ्यांचंच आहे, म्हणजे कुणाचंच नाही.
नंतर वाटायचं, ज्याचं त्यानं बघावं.
कारणं बदलली. पाणी एकाच नदीचं.
तिला ते नळीत दिसत असणार.
ती आकडा लिहायची आणि माझ्याकडे बघायची नाही.
त्या न बघण्याचं ओझं टाकीपेक्षा जड होतं.

धुतल्या तांदळासारखी होती असं मात्र म्हणू नका.
म्हाताऱ्या झेल्माची एकच गाय, आटत आलेली.
तिच्या दुधाला दोन-नऊ भरलं, स्काइद्रितेनं तीन-दोन लिहिलं.
सबंध जानेवारी लिहिलं.
पुढे एकदा चहा पिताना मला म्हणाली,
तेवढे चार आठवडे मला नीट झोप लागली नाही.
मी विचारलं, मग का केलंस?
म्हणाली, खरं लिहिलं असतं तरी लागली नसती.

दर रविवारी माझ्या टेबलाशी जावई आणि नातू भांडतात.
एक म्हणतो, तेव्हा माणूस उपाशी नव्हता.
दुसरा म्हणतो, तेव्हा माणूस माणूसच नव्हता.
मग दोघे माझ्याकडे वळतात:
तुम्ही दोन्ही बघितलंत, तुम्ही सांगा,
मापात पाप कुठलं मोठं?

मी बटाटे सोलत राहतो.
मला दिसते ती खोली,
तेजाबानं चाळण झालेला तिचा एप्रन,
मांडणीवर नळ्या, जिथल्या तिथे,
आणि दुखऱ्या गुडघ्यांनी
सावकाश वाकणारी ती,
डोळा रेघेच्या बरोबर येईपर्यंत.

मांडणी उंच करून देतो, असं मी तिला कितीदा म्हणालो.
फळी आणली होती. खिळेही.
ती फळी अजून माझ्या शेडमध्ये आहे.